पदवीचे गुण आणि पहिली नोकरी: गोव्यातल्या पदवीधरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर प्रवेश कुठे घ्यावा हे सांगणारी माणसं गोव्यात गावोगावी भेटतात. पदवीनंतरचं विचारायला मात्र मुलांना कुणी सापडत नाही. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला की पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे इथून जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. नोकरी देणारे पदवीचे गुण खरंच बघतात का?

बघतात, पण सगळ्यांचं बघणं सारखं नसतं. सरकारी आणि बँकांच्या जाहिरातींत गुण ही अट असते: ती पूर्ण होते किंवा होत नाही, चर्चेला जागा नसते. मोठ्या खासगी कंपन्या आलेल्या अर्जांचा ढीग कमी करण्यासाठी गुण वापरतात. सनदी लेखापालाचं ऑफिस, हॉटेल, जाहिरात एजन्सी, बांधकाम व्यावसायिक अशा ठिकाणी गुणपत्रिका बहुतेक वेळा रुजू होतानाच मागतात, तीही फाइलला लावण्यापुरती.

असं का होतं, याचं उत्तर अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलं. उमेदवार प्रत्यक्षात काम कसं करेल हे मालकाला आधी कळत नाही, म्हणून तो दिसणाऱ्या खुणांवरून अंदाज बांधतो. पदवी ही तशीच एक खूण. याच विषयातल्या कामासाठी २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. गोव्यात याचा अर्थ इतकाच, की तुमचं काम मालकाला आधी बघता येत नसेल तिथे गुणांचं वजन वाढतं आणि बघता येत असेल तिथे घटतं.

२. मग किती टक्के असले म्हणजे पुरे?

ठरावीक रेषा लक्षात ठेवा: ५०, ५५, ६० आणि ७५. बहुतेक अटी या चार आकड्यांवर उभ्या असतात. त्यामुळे ५९.८ आणि ६०.१ यांच्यातला फरक ६६ आणि ७४ यांच्यातल्या फरकापेक्षा मोठा ठरतो. हे अन्यायाचं वाटतं आणि आहेही, पण नियम तसाच आहे.

म्हणून पाचव्या सत्रात एकूण ५८ टक्क्यांवर असाल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि ६० ओलांडा. ६७ वर असाल तर ७० गाठण्यासाठी चांगली इंटर्नशिप सोडू नका. मुलं नेमकं उलटं करतात, आणि ते बघून वाईट वाटतं. ज्याला रेषा ओलांडायची आहे तो अभ्यास सोडून क्लास आणि सर्टिफिकेटांच्या मागे लागतो. जो रेषेच्या कधीच पुढे गेलाय तो आणखी दोन टक्क्यांसाठी जीव काढतो.

३. गुणपत्रिकेवर सीजीपीए आहे, अर्जात टक्के मागितलेत. काय लिहू?

आधी सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांच्या श्रेणींची सरासरी, कसा येतो ते बघा. दहा अंकांच्या पद्धतीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५ आणि पी ४. हे अंक सरसकट मिळवून भागत नाहीत, प्रत्येक पेपरच्या क्रेडिटने, म्हणजे त्या पेपरच्या वजनाने, गुणतात. समजा ४ क्रेडिटच्या पेपरात बी प्लस आहे: ७ गुणिले ४, म्हणजे २८. दोन क्रेडिटच्या पेपरात ओ आहे: १० गुणिले २, म्हणजे २०. बेरीज ४८, भागिले ६, उत्तर ८. सोप्या छोट्या पेपरातला ओ मुख्य विषयातली घसरण पूर्ण भरून काढत नाही, हे इथे दिसतं.

टक्क्यांचं सूत्र स्वतः ठरवू नका. साडेनऊने गुणायचं सूत्र सीबीएसईच्या दहावीचं होतं, ते पदवीला लावायचं नाही. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र गुणपत्रिकेवर छापलेलं असेल तर तेच वापरा. नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचा लेखी दाखला घ्या. कागदपत्रांच्या पडताळणीत तोच मागतात.

आणखी एक: बँक भरतीच्या जाहिरातींत स्पष्ट लिहिलेलं असतं की अपूर्णांक सोडून दिला जाईल, ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमी. ‘साठच ना’ म्हणून ६० भरलं तर लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही पडताळणीच्या टेबलावर नाव कापलं जातं.

४. गोवा सरकारच्या नोकरीत जास्त गुणांचा फायदा होतो का?

बहुतेक पदांना नाही. ‘क’ वर्गाची पदं २०१९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गोवा कर्मचारी निवड आयोगामार्फत भरतात आणि निवड संगणकावरच्या परीक्षेवर होते. जाहिरातीत मागितलेली पात्रता असली की ५२ टक्केवाला आणि ८२ टक्केवाला त्या खोलीत एकाच रांगेत बसतात. कनिष्ठ कारकुनासारख्या पदाला तर बारावीही चालते, पण टायपिंग लागतं. वरच्या पदांसाठी गोवा लोकसेवा आयोग आहे. तिथेही परीक्षा आहेच, मात्र काही तांत्रिक आणि शैक्षणिक पदांना टक्क्यांची अट असते.

मुलं अडकतात ती गुणांवर नाही, कागदांवर. १५ वर्षांचा रहिवासी दाखला, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड आणि भाषेची अट. जाहिरातीत कोकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं ज्ञान इष्ट असं लिहिलेलं असतं. घरी कोकणी बोलता आणि शाळेत मराठी शिकलात तर दोन्ही तुमच्या बाजूने आहेत. फक्त कोकणी लिहिण्याची सवय करा, बोलणं आणि लिहिणं वेगळं. मामलेदार कार्यालयातला दाखला शेवटच्या आठवड्यात मिळेल हे धरून चालू नका.

५. केंद्राच्या आणि बँकांच्या परीक्षांना किती गुण लागतात?

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला पदवी पुरते, टक्क्यांची अट नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तराच्या परीक्षेतल्या बहुतेक पदांचंही तसंच. बँकांच्या क्लार्क आणि पीओ (परिविक्षाधीन अधिकारी) परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. मात्र क्लार्कसाठी ज्या राज्यातून अर्ज करता तिथली भाषा यावी लागते, गोव्यासाठी ती कोकणी.

अटी सुरू होतात त्या रिझर्व्ह बँकेपासून. असिस्टंट पदाला पदवीत ५० टक्के, ग्रेड बी अधिकारी पदाला ६० टक्के. हवाई दलाच्या ॲफकॅट परीक्षेलाही पदवीत ६० टक्के लागतात. उड्डाण शाखेसाठी त्याशिवाय बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. पहिल्या वर्षापासून यातलं काही डोळ्यांसमोर असेल तर ६० ही तुमची लक्ष्मणरेषा समजा.

६. मी ओबीसी किंवा एसटी आहे. मला टक्क्यांत सवलत मिळेल ना?

प्रत्येक जाहिरातीत वेगळी. सहायक प्राध्यापक पदासाठी पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात. एससी, एसटी, नॉन क्रिमीलेअर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना त्यात ५ टक्के सवलत आहे. पण रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी मध्ये ६० ऐवजी ५० ची सवलत एससी, एसटी आणि दिव्यांगांनाच आहे. ओबीसींना वयात सूट मिळते, टक्क्यांत नाही. हा फरक अनेकांना अर्ज भरल्यावर कळतो.

गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांचा समावेश २००३ साली अनुसूचित जमातींत झाला. केंद्राच्या भरतीसाठी ओबीसी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याच्या कामासाठी काढलेला चालेलच असं नाही.

७. बीएस्सी केमिस्ट्री केलंय, ५६ टक्के आहेत. वेर्ण्याच्या औषध कंपन्या घेतील का?

घेतात, आणि हा प्रश्न जरा सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण गोव्यात विज्ञान पदवीधरांसाठी औषधनिर्मिती हा मोठा आधार आहे. वेर्णे, कुंडई, पिळर्ण, कोलवाळ या भागांत सिप्ला, ल्युपिन, ग्लेनमार्क, युनिकेम अशा कंपन्यांचे कारखाने आहेत किंवा होते. उत्पादन आणि पॅकिंग विभागात ५० च्या पुढचे गुण असले की सहसा मुलाखतीपर्यंत पोचता येतं. गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत मात्र ६० वाल्यांना किंवा एमएस्सी झालेल्यांना आधी बोलावतात.

मुलाखतीत काय होतं ते बघा. समोर बसलेला माणूस तुमच्या गुणपत्रिकेवर एक नजर टाकतो आणि विचारतो, ‘एचपीएलसी वापरलंय?’ हे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण. तुम्ही हो म्हणालात की पुढचे प्रश्न तिथूनच निघतात. मोबाइल फेजचा पीएच का तपासतात? सकाळी आल्यावर वजनकाटा कसा तपासाल? मग हमखास येणारा प्रश्न: ‘नोंदवहीत आकडा चुकला तर काय करशील?’ खाडाखोड किंवा व्हाइटनर असं उत्तर दिलं की मुलाखत तिथेच संपते. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारायची, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही आणि तारीख घालायची. हे ज्याला येतं त्याचे ५६ टक्के मागे पडतात. औषध कंपन्यांवर परदेशी तपासनीसांची नजर असते. नोंदींचा प्रामाणिकपणा तिथे रसायनशास्त्राइतकाच महत्त्वाचा आहे.

म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत जे उपकरण आहे ते हाताळून घ्या. नुसतं लांबून बघितलं असेल तर ते दुसऱ्या प्रश्नालाच कळतं. अप्रेंटिसशिप मिळत असेल तर घ्या. वर्षभराचा अनुभव हातात असला की गुणांची चौकशी बरीच कमी होते.

८. आयटी कंपन्यांत ‘सिक्स्टी थ्रूआउट’ म्हणतात ते काय?

दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के किंवा ६ सीजीपीए. मोठ्या आयटी सेवा कंपन्या कॅम्पस भरतीत ही अट बऱ्याचदा लावतात. अर्ज ऑनलाइन असल्याने दहावीला ५८ असतील तर पुढे कुणी माणूस तुमचं नाव बघतच नाही. मागचे गुण तर आता बदलता येत नाहीत.

वाट दुसरी आहे. पणजी, पर्वरी, मडगाव इथल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्या अशी अट क्वचित लावतात. त्या एखादं काम करायला देतात आणि ते बघतात. तुम्ही स्वतः बनवलेलं, चालू असलेलं एक ॲप किंवा संकेतस्थळ दाखवता आलं पाहिजे. दोन-तीन वर्षांनी तीच मोठी कंपनी अनुभवी उमेदवार म्हणून बोलावते तेव्हा दहावीची अट बऱ्याचदा शिथिल झालेली असते. कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

९. हॉटेल आणि पर्यटनात गुण बघतात का?

फारसे नाही. बोलणं, उभं राहणं, इंग्रजी आणि हिंदी, शिफ्टची तयारी हे आधी. मोठ्या हॉटेल साखळ्यांच्या व्यवस्थापन प्रशिक्षण योजनेत मात्र गुणांची अट असू शकते. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतल्या मुलांनी ती पहिल्याच वर्षी विचारून घ्यावी.

१०. बीए मराठी केलंय. ४८ टक्के आहेत. शिक्षक होता येईल का?

बीएडला पदवीत किंवा पदव्युत्तर पदवीत किमान ५० टक्के लागतात. ४८ वर थेट प्रवेश नाही. राखीव गटात असाल तर सवलत तपासा (प्रश्न ६). पण नियमात ‘किंवा’ आहे, हे लक्षात घ्या. एमएला ५० च्या पुढे गेलात तर बीएडचा दरवाजा पुन्हा उघडतो. एमएला ५५ मिळाले तर नेट किंवा सेट देऊन महाविद्यालयात शिकवण्याची पात्रताही मिळवता येते.

एक गोष्ट मनापासून सांगतो. गोव्यात मराठीतून शिकलेल्या मुलांना आपल्या पदवीला किंमत नाही असं वाटतं, आणि ते तसं मुलाखतीत बोलूनही दाखवतात. मराठी वृत्तपत्रांना, आकाशवाणीला, भाषांतराच्या कामाला नेमकं शुद्ध आणि वेगाने लिहिणारं माणूस हवं असतं. तिथे गुणपत्रिकेआधी लिहिलेलं पान मागतात. छापून आलेले चार लेख फाइलला लावा.

११. पदवीचे गुण कमी आहेत. एमए किंवा एमकॉम केलं तर ते झाकले जातात का?

अट कशी लिहिली आहे यावर ते ठरतं. बीएडचं प्रश्न १० मध्ये आलंच. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी मध्येही पदवीत ६० नसतील तर पदव्युत्तर पदवीतले ५५ चालतात. पण ‘पदवीत किमान ६० टक्के’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुढची कितीही मोठी पदवी उपयोगी नाही. केवळ गुण झाकायला दोन वर्षं घालवू नका. आधी हव्या असलेल्या नोकरीची जुनी जाहिरात शोधा आणि शब्दन् शब्द वाचा.

१२. नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष करावं का?

गोव्यात चार वर्षांच्या पदवीची ही रचना २०२३-२४ पासून लागू झाली. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथ्या वर्षी ऑनर्स. ‘संशोधनासह ऑनर्स’ हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त लागतात. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असले तर एमए-एमएस्सी न करता पीएचडीच्या प्रवेशाला पात्र होता येतं.

संशोधनात जायचं असेल तर करा. सरकारी किंवा बँकेची परीक्षा द्यायची असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते, ते वर्ष तयारीला द्या. नोकरी मिळाली नाही म्हणून चौथ्या वर्षाला बसणं मला पटत नाही.

१३. एटीकेटी लागली होती. मुलाखतीत सांगायचं का?

विचारलं तर सरळ सांगायचं. कंपन्यांना मुख्यतः एकच बघायचं असतं: अर्जाच्या वेळी एखादा विषय राहिलेला आहे का. सुटलेला विषय सहसा आड येत नाही. लपवलेला येतो, कारण सत्रवार गुणपत्रिकांवर प्रयत्न दिसतात आणि खोटी माहिती दिली म्हणून रुजू झाल्यावरही काढता येतं. आजारपण, घरातली जबाबदारी, पार्टटाइम नोकरी असं कारण असेल तर एका वाक्यात सांगा आणि पुढच्या सत्रात काय सुधारलं ते सांगा.

१४. माझं कॉलेज लहान आहे. पणजी-मडगावच्या मुलांपुढे टिकेन का?

संलग्न महाविद्यालयांतल्या सगळ्यांची पदवी गोवा विद्यापीठाचीच. साखळी, खांडोळा, केपे इथल्या सरकारी महाविद्यालयातून आलात तरी प्रमाणपत्रावर तेच नाव. फरक कॅम्पस भरतीत पडतो. कंपन्या आपण होऊन जातात ते बिट्स पिलानीचा झुआरीनगर कॅम्पस, एनआयटी, फर्मागुढीचं अभियांत्रिकी महाविद्यालय अशा ठिकाणी. बाकीच्यांना बाहेरून अर्ज करावा लागतो. तिथे ६० च्या पुढचे गुण जास्त कामाला येतात, कारण अर्ज वाचणाऱ्याला तुमच्याविषयी दुसरं काहीच ठाऊक नसतं.

१५. कमी गुण किती वर्षं पाठलाग करतात?

खासगी क्षेत्रात साधारण पहिली दोन-तीन वर्षं. अमेरिकेतल्या तरुणांच्या पगारांचा अभ्यास करून जोसेफ अल्टोन्जी आणि चार्ल्स पिएरे यांनी २००१ साली दाखवलं, की अनुभव वाढत जातो तसं मालक शिक्षणासारख्या वरवर दिसणाऱ्या गोष्टींवर कमी आणि प्रत्यक्ष कुवतीवर जास्त विसंबतो. गोव्यातही दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत आधीच्या कामाबद्दलच विचारतात.

पदवी कोणत्या वर्षी मिळाली हेही मोजावं लागतं, आणि ते तुमच्या हातात नसतं. मंदीत पदवी घेतलेल्या कॅनडातल्या विद्यार्थ्यांचं उत्पन्न सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतं आणि ती तूट भरून यायला दहाएक वर्षं लागली, असं त्या देशातला एक मोठा अभ्यास सांगतो. नोकरी बदलून चांगल्या ठिकाणी गेलेल्यांची तूट लवकर भरली. तेव्हा २०२० किंवा २०२१ साली कोविडमध्ये बाहेर पडलेल्यांनी अडखळत्या सुरुवातीचा दोष स्वतःच्या गुणांना देऊ नये.

सरकारी नियमांतली अट मात्र कधीच विरत नाही. पस्तिसाव्या वर्षीही ५४.९ म्हणजे ५५ नव्हे.

१६. बायोडेटावर गुण लिहू की नको?

६० किंवा त्याहून जास्त असतील तर लिहा. कमी असतील आणि विचारलेले नसतील तर फक्त पदवी, विद्यापीठ आणि वर्ष लिहा, ते चुकीचं नाही. ऑनलाइन अर्जात रकाना असेल तर खरे गुण भरायचेच. एकूण गुण कमी पण मुख्य विषयातले चांगले असतील तर ते वेगळे दाखवा.

१७. एकजण म्हणतो गुणांची काळजी नको, पैसे दिले तर नोकरी लावतो.

देऊ नका. २०२४ साली सरकारी नोकरीचं आमिष दाखवून पैसे घेतल्याच्या प्रकरणांत गोव्यात अनेकांना अटक झाली, आणि दागिने गहाण टाकून पैसे दिलेली घरं उघड्यावर आली. कमी गुणांची लाज वाटणारी मुलंच यात आधी सापडतात. आईबाबांना प्रश्न ४ वाचून दाखवा: त्या परीक्षेत तुमचे गुण आड येतच नाहीत. कुणी पैसे मागितले तर पोलिसांत तक्रार करा.

१८. पोर्तुगीज पासपोर्टवर बाहेर जाणार आहे. इथल्या गुणांना तिकडे किंमत आहे का?

गोवा पूर्वी पोर्तुगालकडे होता, म्हणून इथल्या अनेकांना आईवडील किंवा आजीआजोबांच्या नोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. गोदाम, केअर होम, हॉटेल अशा कामांना गुण कुणी विचारत नाही. पदवीधर म्हणून नोकरी किंवा पुढचं शिक्षण हवं असेल तर विचारतात. ब्रिटनमध्ये पदवीचे वर्ग असतात आणि अनेक विद्यापीठं इथले ६० टक्के साधारणपणे तिथल्या अप्पर सेकंड वर्गाच्या बरोबरीचे धरतात. निघण्याआधी सगळ्या सत्रांची ट्रान्सक्रिप्ट मोहोरबंद पाकिटात घ्या, तिकडून मागवताना महिने जातात.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. २०२० संपताना ब्रिटनमधला मुक्त प्रवेश संपला. केवळ पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे आता नव्याने नोकरी करता येत नाही, युरोपीय संघाच्या देशांत येते. आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व राहत नाही, म्हणजे इथल्या सरकारी नोकरीची वाटही बंद होते. पोर्तुगालात जन्मनोंदणी करण्याआधी वकिलाला विचारा.

१९. शेवटच्या सत्राचा निकाल लागलेला नाही. अर्ज करू का?

जाहिरातीतली ‘पात्रतेची तारीख’ शोधा. काही परीक्षांना शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी चालतात. बँकांच्या भरतीत बहुधा ठरलेल्या तारखेला किंवा त्याआधी निकाल जाहीर झालेला असावा लागतो. इथे निकालाची तारीख धरतात, पदवीदान समारंभाची नाही. म्हणून निकाल ज्या दिवशी जाहीर झाला तो दिवस दाखवणारा विद्यापीठाचा कागद आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र जपून ठेवा. एखाद्या पेपरच्या फेरतपासणीला अर्ज केला असेल आणि त्यामुळे गुण ६० च्या वर जाणार असतील, तरी भरतीच्या अर्जात आज गुणपत्रिकेवर आहे तोच आकडा लिहायचा. सुधारित गुणपत्रिका पात्रतेच्या तारखेनंतर आली तर ती त्या भरतीपुरती धरतील याची खात्री नसते. भरती करणाऱ्या संस्थेला लेखी विचारा आणि उत्तराची प्रत ठेवा.